आतल्या बाजूची कडी

टाऊन हॉलमधलं एक दार घासतंय, येऊन बघून जा, एवढाच निरोप होता. मिस्त्रीबाईंनी दुपारचं जेवण आटोपलं, पिशवीत रंधा, पटाश्या, पेचकस टाकले आणि मावशीला "आलेच जाऊन" म्हणत चपला घातल्या. दार घासणं म्हणजे सुताराच्या लेखी सर्दी-पडसं. लाकूड फुगलेलं असतं, खालची कड तासायची, बिजागऱ्या आवळायच्या, कोणी विचारलाच तर चहा घ्यायचा आणि घरी यायचं. त्यात भिण्यासारखं काही नव्हतं.

पण कामाची जागा ती होती. त्या इमारतीचा मनोरा गल्लीच्या तोंडाशी दिसला की मिस्त्रीबाईंच्या कपाळाची शीर ताडताड उडायची. आजही उडाली.

त्या इमारतीने आयुष्यात सोंगं तरी किती घ्यावीत! बांधली तेव्हा तिथे नगरसभा भरायची. मिशीवाले लोक गोल टेबलाभोवती बसून गटारांवर भांडायचे. सभेला नवी कचेरी मिळाली तसं तिथे कोर्ट आलं. कोर्ट गेलं, मग धान्याचं गोदाम झालं, आणि वकिलांच्या जागी उंदीर आले. गावातले टवाळ म्हणायचे, फारसा फरक पडला नाही. मग कोणीतरी पडदा टांगून सिनेमा दाखवला. मग परीक्षांचं केंद्र, मग लग्नं नोंदवायची कचेरी, मग नुसतंच कुलूप आणि कबुतरं. आणि आता नगरपालिकेने सगळा रंगरंगोटीचा घाट घातला होता, कारण आता तिथे लग्न-समारंभाचा भाड्याचा हॉल होणार होता. खाली जेवणावळी, वर नाचगाणं, मागच्या खोलीत नवरीच्या नटण्या-सजण्याची सोय.

दारातच पितळेची नवी कोरी पाटी बसवली होती. इमारतीचा इतिहास. मिस्त्रीबाई पिशवी खाली ठेवून ती वाचायला लागल्या. नगरसभा. न्यायालय. धान्यकोठार. चित्रपटगृह. सगळं होतं, उंदरांचा तेवढा उल्लेख राहिला होता. त्यांनी पाटी परत वाचली, वरून खाली, बोट ठेवून. न्यायालय आणि धान्यकोठार यांच्या मध्ये जे असायला हवं होतं ते नव्हतं.

तापाचा वॉर्ड नव्हता.

तळपायाची आग मस्तकात जाणे म्हणजे काय ते त्या पाटीसमोर त्यांना पुन्हा एकदा समजलं. पिशवीतल्या पटाशीने ती पाटी उचकटून काढावी असं त्यांना फार वाटलं, आणि ती त्यांनी काढली असती तरी त्यांना कोणी दोष देऊ नये असं मला वाटतं.

"वरची सगळी दारं बघा बाई," दरवान म्हणाला. म्हातारा माणूस, त्याच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा. "मागच्या खोलीचं तेवढं… उजेड आहे तोवरच बघा."

"का हो?"

"का म्हणजे… ते दार घासत नाही. मी साहेबांना घासतं म्हणून सांगितलं. खरं सांगितलं असतं तर हसले असते."

"मग खरं काय आहे?"

दरवानाने जिन्याकडे बघितलं. "वाजतं ते," एवढंच तो म्हणाला, आणि किल्ली काढून देऊन आपल्या खुर्चीकडे निघून गेला.

तो वॉर्ड झाला तेव्हा मिस्त्रीबाई फ्रॉकमधल्या होत्या. एका थंडीत गावात ताप आला. घराघरातून माणसं उचलून टाऊन हॉलच्या वरच्या मागच्या खोलीत नेऊन ठेवायला लागले. पण माणसं तिथून पळून घरी यायची, कारण मरायचं तर आपल्या अंथरुणावर मरावं असं कोणालाही वाटतं. तेव्हाच्या आरोग्य सभापतींनी फर्मान काढलं, खोलीला दणकट दार हवं आणि त्या दाराला बाहेरून कडी हवी. ते काम मिस्त्रीबाईंच्या बाबांना मिळालं. बाबांनी जन्मात कधी काम वाईट केलं नाही, हाच त्यांचा गुन्हा. सागाच्या जाड फळ्या त्यांनी अशा एकजीव केल्या की मध्ये नख जाणार नाही. मनगटाएवढ्या जाडीची सरकती लोखंडी कडी लोहाराकडून घडवून घेतली, तिच्या डोक्यावर एक खिट्टी बसवली. कडी सरकवली की खिट्टी आपोआप खाली पडायची, आणि मग पलीकडच्या बाजूने हत्ती आला तरी दार हलणार नाही. सभापती बेहद्द खूश झाले. त्यांनी बाबांना शेजारच्या गावांत तसल्याच कड्या बसवायला धाडून दिलं.

बाबा गेले आणि त्याच आठवड्यात आईला ताप भरला.

ती आपल्या पायांनी जिना चढून गेली. जाताना मावशीला म्हणाली, "पोरीचे केस रोज विंचर गं, गुंता होतो." झालं. एवढंच.

पुढचं गावाला सगळं माहीत आहे, आणि गावाने मूग गिळले आहेत. एका संध्याकाळी वॉर्डातल्या नोकरमाणसांनी, आपल्यालाही ताप लागेल या भीतीने, कडी सरकवली आणि पळ काढला. प्रत्येकाला वाटलं, दुसरा कोणीतरी जाऊन उघडेल. दुसऱ्या दिवशी वाजायला सुरुवात झाली. ठक, ठक, ठक. बाजारात ऐकू यायचं. लोक म्हणाले, मनोऱ्यातल्या घड्याळाचं यंत्र बिघडलं असेल. आणि ऐकू येऊ नये म्हणून खिडक्या लावून घेतल्या.

पण गल्लीत झरोक्याखाली उभ्या असलेल्या मुलीला तो आवाज ओळखीचा होता. लाकूड जोखायची ती बाबांची रीत होती. बोटाच्या पेराने फळीच्या वरच्या टोकापासून ठोकत ठोकत खालपर्यंत यायचं आणि कान द्यायचा. भरीव ठिकाणी आवाज टणक येतो. जिथे बसका येतो ती कच्ची जागा. आईने ती खोड बाबांकडून उचलली होती, स्वयंपाकघरातून बाबांच्या सुतारकामाच्या कारखान्यात आली की चेष्टेने दाराची फळी तशी वाजवत यायची, वरून खाली, आणि म्हणायची, "मिस्त्री, तुमचं दार कच्चं आहे हो." आता ती तेच दार वाजवत होती आणि चेष्टा करत नव्हती. ती कच्ची जागा शोधत होती.

मुलगी पळत सभापतींच्या बंगल्यावर गेली. ते ओट्यावर आरामखुर्चीत बसले होते. ती म्हणाली, आई दार वाजवतेय, दार उघडा. त्यांनी तिच्याकडे बघितलं, गोड हसले आणि म्हणाले, "बघू हं, बाळ."

ती रोज जात होती. ते रोज तेच म्हणत होते. मग एक दिवस गल्लीत उभं राहिल्यावर काहीच ऐकू आलं नाही.

बाबांनी परत आल्यावर त्या दाराबद्दल चकार शब्द काढला नाही. मरेपर्यंत खुर्च्या आणि पलंग बनवले. दार म्हणून बनवलं नाही. दारं मिस्त्रीबाई शिकल्या, त्या दुसऱ्या मिस्त्रीकडून.

तर मागच्या खोलीचं ते दार. मिस्त्रीबाई त्याच्यासमोर आल्या तेव्हा तिथे अध्यक्षसाहेब आधीच उभे होते. नगरपालिकेचे अध्यक्ष, त्या सभापतींचेच चिरंजीव. हसरा माणूस. समोरच्याला रागावताच येऊ नये असं हसायचे, अगदी वडिलांसारखं. पुढच्या महिन्यात त्यांच्या मुलीच्या लग्नाचा स्वागत-समारंभ हा या हॉलमधला पहिलावहिला कार्यक्रम असणार होता.

"मिस्त्रीबाई, ही बाहेरची कडी आधी काढून टाका," ते म्हणाले. "लोखंड जाड आहे, भंगारवाला खूश होईल. खड्डे लांबीच्या लगद्याने भरून घ्या, वरून पॉलिश. काही खूण राहायला नको."

काम करताना खिळे, स्क्रू ओठांत धरायचे ही मिस्त्रीबाईंची सवय. त्यामुळे काम चालू असताना त्या बोलत नसत. पुष्कळदा ते बरंच पडायचं. आत्ता बिजागरीचे पहिले स्क्रू सुटून ओठांत गेले होते, ते त्यांनी तळहातावर काढून घेतले.

"पाटीवर वॉर्ड नाही लिहिलेला, साहेब."

"शुभकार्याची जागा आहे. लोक इथे लग्नं करणार. कशाला ते जुनं उगाळायचं?"

"माझी आई या खोलीत गेली."

"हो का? अरेरे. तापात पुष्कळ गेले म्हणतात."

"तापात नाही गेली. बाहेरून कडी होती."

अध्यक्ष हसले. "असं कुठे नमूद नाही हो. लोक काय वाटेल ते बोलतात. दार बाहेरून बंद होतं याला पुरावा काय?"

पुरावा त्यांच्या दोघांच्या मध्ये होता, चांगला हातभर लांब, रंगाची पुटं चढलेला. आणि तोच हा माणूस भंगारात घालायला सांगत होता! मिस्त्रीबाईंच्या हाताच्या मुठी वळल्या. पण राग आला की त्यांचं डोकं गार आणि धारदार व्हायचं.

"साहेब, नवरीची खोली म्हटल्यावर आतून कडी लागणारच ना?"

"लागेल की."

"मग नवी कशाला विकत घेता? दारच फिरवते. बाहेरची बाजू आत. ही कडी आपोआप आतल्या बाजूला जाईल. असलं काम आता मिळायचं नाही."

अध्यक्षांनी क्षणभर विचार केला. कडी बाहेरून दिसणार नव्हती. त्यांना तेवढंच हवं होतं. "वा! डोकं आहे तुम्हाला," ते म्हणाले आणि गेले.

दरवान आणि रस्त्यावरचा एक हमाल यांच्या मदतीने दार उतरवून त्यांनी दोन लाकडी घोड्यांवर आडवं टाकलं. खोलीची आतली बाजू वर आली. माणसं गेल्यावर मिस्त्रीबाई रंग खरवडायला बसल्या. नोंदणी कचेरीचा पिवळा निघाला. त्याखाली परीक्षाकेंद्राचा करडा. सिनेमावाल्यांनी दिलेला काळा. गोदामाचा चुना. जणू इमारतीचे एकेक कपडे उतरत होते. आणि सगळ्यात खाली दवाखान्याचा फिकट हिरवा. तो सुटायला लागला तसा एक वास आला. फिनाइलचा, आणि त्याच्याखाली दुसरा, बंद खोलीत पुष्कळ दिवस राहिलेल्या अंथरुणाचा. मिस्त्रीबाईंनी पदर नाकाला लावला आणि हात चालू ठेवला.

लाकूड उघडं पडलं. खिडकीतून तिरपं ऊन येत होतं, आणि त्या उन्हात त्यांना दिसलं.

फळीभर खळगे होते. पेराएवढे, उथळ, गुळगुळीत झालेले. बाईचा हात पोचेल तिथपासून सुरू झालेली एक ओळ सरळ खाली उतरली होती. तिच्या शेजारी दुसरी. मग तिसरी, जराशी वाकडी, दुसऱ्या कोणाच्या तरी हाताची. दाराच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत ओळीच ओळी. एकही बोटभर जागा वगळलेली नव्हती. आईने सगळ्या वॉर्डाला शिकवलं होतं. जिला उभं राहता येईना तिने बसून वाजवलं होतं, आणि ज्यांना बसता येईना त्यांनी पडल्या पडल्या. उंबऱ्याजवळचे खळगे सगळ्यात दाट होते.

"बाबा," मिस्त्रीबाई मोठ्याने म्हणाल्या, "एक गाठ तरी कच्ची सोडायची होती हो." आणि त्या रिकाम्या खोलीत, हातातली पटाशी बाजूला फेकून, त्या हमसाहमशी रडल्या. दुःखाने कमी आणि संतापाने जास्त.

लांबी त्यांनी भरली नाही. खळगे नुसते तेलाने पुसून घेतले, त्यामुळे ते आणखीच चमकायला लागले. दार फिरलं, बिजागऱ्या चौकटीच्या दुसऱ्या अंगाला गेल्या, कडीसाठी दगडात नवं भोक पाडलं. खळग्यांची बाजू आता व्हरांड्यात, सगळ्या जगासमोर होती. आणि कडी आत.

काम संपलं तेव्हा दिवेलागण झाली होती. मिस्त्रीबाईंनी रिकाम्या खोलीत एकदा डोकावून पाहिलं. चार भिंती, वर हातभर झरोका, खाली नवी फरशी. "आई," त्या हळूच म्हणाल्या, "घे. आता कडी तुझ्या हातात." स्वतःच्याच बोलण्याचं त्यांना हसू आलं. त्यांनी दार ओढून घेतलं आणि पिशवी उचलायला वाकल्या.

मागे लोखंड सरकलं.

सावकाश. तेल घातलेली जड कडी सरकते तसा तो आवाज, आणि शेवटी खिट्टी पडल्याचा टक्. मिस्त्रीबाई वाकलेल्याच राहिल्या. मानेवरून कोणीतरी गार हात फिरवावा तसं झालं. मग त्यांनी उठून दार ढकललं. दार हललं नाही. आत कोणी नव्हतं, हे त्यांनी आत्ताच डोळ्यांनी पाहिलं होतं.

"कोण… आहे?"

आत काहीतरी कुजबुजलं. एक आवाज नव्हता तो. गर्दीने श्वास रोखून धरलेला असावा आणि मग सगळ्यांनी मिळून सोडावा, तसं. आणि फिनाइलचा वास फटीतून बाहेर आला.

मग कडी परत सरकली. दार आपसूक बोटभर उघडलं. मिस्त्रीबाई पिशवी तिथेच टाकून जिना उतरल्या, त्या थेट घरी येऊन मावशीच्या कुशीत शिरल्या. या वयात!

मावशी आता फार थकली होती, डोळ्यांनी दिसत नव्हतं. तिने सगळं ऐकून घेतलं. भाचीच्या पिकल्या केसांतून बोटं फिरवत ती म्हणाली, "उघडून बघत असतील गं. एवढी वर्षं नुसतं वाजवलं, आता उघडता येतंय म्हणून."

"मला भीती वाटते मावशी. ती नवरीची खोली आहे. एखादी पोर अडकली तर?"

"पोरींना कशाला अडकवतील?" मावशी म्हणाली.

भीती मात्र गेली नाही. स्वागताच्या संध्याकाळी मिस्त्रीबाई बोलावणं नसताना टाऊन हॉलच्या जिन्याखाली पिशवी घेऊन उभ्या राहिल्या. अध्यक्षांच्या मुलीने काही कोणाचं वाकडं केलं नव्हतं. ती मैत्रिणींबरोबर त्या खोलीत गेली, आली, पुन्हा गेली, हसत खिदळत बाहेर आली. दार लोण्यासारखं चाललं. मिस्त्रीबाईंचा जीव भांड्यात पडला. त्या निघणारच होत्या.

तेवढ्यात अध्यक्ष व्याह्यांना हॉल दाखवत व्हरांड्यात आले. व्याह्यांनी दारावरच्या खळग्यांवरून हात फिरवला. "हे काय नक्षीकाम म्हणायचं?"

"जुनी कारागिरी," अध्यक्ष म्हणाले. "या ना, आतून बघा." आणि ते पुढे होऊन आत गेले.

दार व्याह्यांच्या नाकासमोर लागलं. कडी सरकली. खिट्टी पडली.

आधी सगळे हसले. मग आतून धाडधाड वाजायला लागलं. मग हसणं थांबलं. खाली वाद्यं चालू होती, वर माणसं खांदे लावत होती, आणि बाबांचं दार ढिम्म हलत नव्हतं. "मिस्त्रीबाईंना बोलवा!" कोणीतरी ओरडलं. गर्दीने वाट दिली. मिस्त्रीबाईंनी तळहात दारावर टेकवला. सागाचं लाकूड तापलेल्या कपाळासारखं गरम होतं.

"साहेब, कडी आतून आहे. तुमच्याच बाजूला. खिट्टी उचला आणि सरकवा."

"मिस्त्रीबाई…" आवाज बसलेला होता, ओळखू येत नव्हता. "हात पोचत नाही… दारापाशी सगळे उभे आहेत… फार लोक आहेत हो इथे… वाट देत नाहीत…"

व्हरांड्यातली माणसं दारापासून मागे सरकली. अध्यक्षांची मुलगी आईचा हात धरून उभी होती.

"काय म्हणतात ते?" मिस्त्रीबाईंनी विचारलं. त्यांना स्वतःचा आवाज दुरून आल्यासारखा वाटला.

"विचारतायत… किती दिवस झाले… सारखं तेच… मला काय माहीत! मला पाणी… मिस्त्रीबाई, पाणी…"

"मग जे माहीत आहे ते सांगा त्यांना. ही कडी आधी कुठे होती, साहेब?"

आत कोणीतरी हुंदका दिला.

"कुठे होती?" मिस्त्रीबाई ओरडल्या. आयुष्यभर गिळलेला तो आवाज व्हरांडाभर घुमला.

"बाहेर! बाहेरून होती! वडिलांना माहीत होतं… ते घरी म्हणाले होते, आता उघडलं तर सगळं आपल्या अंगाशी येईल… मी ऐकलं होतं… मी लिहीन पाटीवर, सगळं लिहीन… सोडा…"

खिट्टी उचलल्याचा टक् आवाज झाला. कडी सरकली.

अध्यक्ष बाहेर आले आणि बायका किंचाळल्या. ते आत जाऊन सरबताचा पेला संपायला लागतो तेवढाच वेळ झाला होता. संध्याकाळी गुळगुळीत दाढी करून, अत्तर लावून आलेला माणूस. त्याच्या गालांवर आता कित्येक दिवसांची पांढरी खुंटं वाढली होती. ओठ फुटून पापुद्रे सुटले होते. नवा कोट खांद्यांवरून लोंबत होता. आणि दोन्ही हातांच्या पेरांची सालटी गेली होती.

त्याच्या मागची खोली रिकामी होती.

आता कोणी म्हणेल, चला, न्याय झाला. तेवढ्यावर भागतं तर मीही इथेच थांबलो असतो. दुसऱ्या दिवशी गावात सांगितलं गेलं की, दार अडकलं होतं आणि साहेबांना घेरी आली. ज्यांनी व्हरांड्यात उभं राहून कानांनी ऐकलं होतं त्यांनीच ते सांगितलं. एकदा खिडक्या लावून घेतलेलं गाव होतं ते. त्याला सराव होता. दाराला बाहेरून काळं कुलूप लागलं. पितळेची पाटी होती तशीच चकाकत राहिली. मिस्त्रीबाई रोज जाऊन बघून यायच्या, आणि रोज रागाने थरथरत परत यायच्या.

मग एका दुपारी बंगल्यावरून बोलावणं आलं.

तोच ओटा, तीच आरामखुर्ची. घरात कोणी नव्हतं. बायको मुलीकडे राहायला गेली होती. अध्यक्ष अर्धे झाले होते. दाढी केलेली होती, पण हसू कुठेतरी गळून पडलं होतं.

"घरातल्या सगळ्या कड्या काढायच्या," ते म्हणाले. "दारांच्या, खिडक्यांच्या, मोरीची सुद्धा. एकही ठेवायची नाही."

"का?"

"कोणीतरी लावतं," ते खालच्या आवाजात म्हणाले. "मी आत असलो की…"

मिस्त्रीबाईंनी पेचकस काढला. त्या एकेक खोली घेत गेल्या. पेचकस फिरत होता, स्क्रू ओठांत जात होते, कड्या पिशवीत पडत होत्या. ऊन अंगणात होतं. शेवटी निजायची खोली राहिली. तिची कडी निम्मी सुटल्यावर त्या थांबल्या आणि त्यांनी स्क्रू तळहातावर काढले.

"साहेब, पाटीचं काय?"

अध्यक्ष पलंगावर बसले होते. त्यांनी नजर खिडकीबाहेर वळवली. "त्या दिवशी माझी तब्येत बरी नव्हती, मिस्त्रीबाई. घाबरलेला माणूस काहीही बरळतो."

"सगळ्यांसमोर बोललात तुम्ही."

"लोक विसरलेत. तुम्हीही…" आणि मग, अगदी सवयीने, ते जुनं हसू त्यांच्या ओठांवर परत आलं. "बरं, बघू. पुढच्या सभेत बघू."

मिस्त्रीबाईंच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. हातातला पेचकस त्यांनी इतका घट्ट धरला की बोटं पांढरी पडली. मग स्क्रू परत ओठांत धरले, उरलेले काढले, कडी पिशवीत टाकली आणि खोलीबाहेर पडल्या. मागे अध्यक्षांनी दार लोटून घेतलं.

त्या ओट्याच्या पायरीपर्यंत पोचल्या असतील. मागे लोखंड सरकलं. सावकाश. आणि टक्.

घरातल्या सगळ्या कड्या त्यांच्या खांद्यावरच्या पिशवीत होत्या. त्या परत फिरल्या. निजायच्या खोलीच्या दाराच्या कडेला, जिथून त्यांनी आत्ताच कडी काढली होती तिथे, स्क्रूंची रिकामी, आरपार गेलेली भोकं होती आणि त्यांतून आतला उजेड दिसत होता. त्यांनी दाराला खांदा लावला. दार हललं नाही. फटीतून फिनाइलचा वास यायला लागला.

आत पेराने दार वाजवलं जात होतं. वरच्या टोकापासून, ठोकत ठोकत, खाली.

"मिस्त्रीबाई…" आतून घोगरा आवाज आला. "दार लागलंय हो… उघडा…"

"बघू हं, बाळ," कोणीतरी अगदी मायेने म्हणालं.

वाजणं थांबलं. मग दाराला तोंड लावून, श्वास कोंडत, अध्यक्षांनी विचारलं, "हे… तुम्हीच म्हणालात ना, मिस्त्रीबाई…?"

मिस्त्रीबाईंना उत्तर देता येईना. त्यांच्या ओठांत अजून स्क्रू धरलेले होते.